बीकन : वाट दाखवणारी खूण
(प्रतिनिधी)

नागपूर : ‘बीकन’ म्हटले की समुद्रकाठचा दीपस्तंभ डोळ्यांसमोर उभा राहतो. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या नागपूरचा त्याच्याशी काय संबंध, असा प्रश्न कुणालाही पडेल. प्रत्यक्षात वाट दाखवणाऱ्या खुणांच्या इतिहासात या शहराला महत्त्वाचे स्थान आहे.

बीकन या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ खूण किंवा निशाण. स्वतःचे स्थान निश्चित असलेली आणि इतरांना त्यांचे स्थान व दिशा ठरविण्यास मदत करणारी कोणतीही ठळक खूण बीकन ठरते. ती दिव्याची असेल, दगडाची असेल किंवा रेडिओलहरींची.

दिव्याची भाषा
मुंबईजवळील खांदेरी बेटावर १८६७ पासून दीपस्तंभ आहे. प्रत्येक दीपस्तंभाच्या उघडझापीचा क्रम ठरलेला असतो. खलाशी सेकंद मोजून व नोंदवहीशी ताडून नेमका कोणता दीपस्तंभ दिसतो आहे, हे ओळखतो. विमानतळावरील फिरत्या दिव्याचेही तसेच. जमिनीवरील नागरी विमानतळासाठी पांढरा व हिरवा प्रकाश आलटून-पालटून दाखविण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत आहे. उंच इमारती व मनोऱ्यांवरील लाल दिवा मात्र बोलावत नाही, तर दूर राहण्याची सूचना देतो.

रात्रीच्या या वाहतुकीत नागपूरने मोठी भूमिका बजावली. १९४९ मध्ये सुरू झालेल्या रात्रीच्या हवाई टपाल सेवेत दिल्ली, मुंबई, कोलकाता व मद्रास येथून निघालेली विमाने सोनेगाव विमानतळावर एकत्र येत. येथे टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि विमाने परत फिरत.

दगडाची साक्ष
विधानभवनाजवळील झीरो माइलचा स्तंभ हा दिवा नव्हे. पण तत्त्व तेच. देशाचा मध्यबिंदू म्हणून त्याची ख्याती असली, तरी १९४७ च्या फाळणीने देशाच्या सीमा बदलल्या. त्याचे खरे मोल मोजणीत आहे. सर्वेक्षण खात्याने १९०७ मध्ये येथे उंची मोजण्याची प्रमाण खूण निश्चित केली. समुद्रसपाटीपासूनची ही उंची १०२०.१७१ फूट, म्हणजे सुमारे ३११ मीटर आहे. अशा खुणेच्या आधारे आसपासच्या परिसराची उंची काढता येते. हा आकडा चुकला, तर त्यावरून काढलेला प्रत्येक आकडा चुकणार.

उपग्रहाच्या युगातही
आज विमानांना उपग्रहांची मदत मिळते. परंतु उपग्रहाच्या संकेतांतही त्रुटी असते. ती दूर करण्यासाठी भारतीय अंतराळ संशोधन संस्था व विमानतळ प्राधिकरणाने ‘गगन’ प्रणाली उभारली. तिच्या १५ संदर्भ केंद्रांपैकी एक नागपुरात आहे. या केंद्राचे स्थान अचूक ठाऊक असल्याने उपग्रहाचा संकेत किती चुकतो, हे कळते आणि दुरुस्ती विमानापर्यंत पोहोचविता येते. स्तंभापासून गगनपर्यंत तंत्र बदलले. निश्चित स्थानाची गरज बदलली नाही.

खोट्या दिव्याला शिक्षा
खुणेवर विसंबून माणूस जीव धोक्यात घालत असतो. म्हणूनच खलाशाची दिशाभूल करण्याच्या हेतूने खोटा दिवा किंवा खूण दाखविणे हा गंभीर गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम २८३ नुसार त्यासाठी सात वर्षांपर्यंत कारावास व किमान दहा हजार रुपये दंडाची तरतूद आहे. विमानतळाच्या परिसरात वैमानिकाची फसगत होईल असे दिवे लावण्यासही बंदी आहे. वरातीत वा मिरवणुकीत आकाशात सोडलेले लेझरचे किरण उतरत्या विमानातील वैमानिकाचे डोळे दिपवू शकतात. धावपट्टीचे दिवे शोधण्याच्या नेमक्या त्या क्षणी ते त्याला दिसेनासे झाले, तर किंमत विमानातील सर्वांना मोजावी लागते. विमानतळ शहराला लागूनच असलेल्या नागपूरकरांनी याचे भान ठेवणे आवश्यक आहे.