रशियन चित्रपटसृष्टीचें ‘नीका’ पारितोषिक

कलावंताच्या गळ्यांत पदक घालणारा हात कोणाचा, या प्रश्नावर कलेचें पुष्कळसें भवितव्य अवलंबून असतें. सोव्हिएट रशियांत तो हात दीर्घकाळ राजसत्तेचा होता. आयझेनस्टाइन यांच्या ‘भयंकर इव्हान’ या चित्रपटाच्या पहिल्या भागास १९४६ सालीं स्टॅलिन-पारितोषिक मिळालें; त्याच वर्षीं दुसऱ्या भागावर बंदी आली. ती उठून तो प्रेक्षकांस दिसला १९५८ सालीं. तोंवर आयझेनस्टाइन निवर्तून दहा वर्षें लोटलीं होतीं.

पुढें १९८६ च्या मे महिन्यांत सोव्हिएट चित्रपट-व्यावसायिकांच्या संघाचें अधिवेशन भरलें. जुने अधिकारी पायउतार झाले, दिग्दर्शक एलेम क्लिमॉव्ह प्रमुख निवडले गेले, आणि कुलुपांत पडलेल्या चित्रपटांच्या फेरतपासणीसाठीं एक समिति नेमण्यांत आली. याच मोकळ्या हवेंत १९८७ सालीं युली गुस्मान यांच्या पुढाकारानें ‘नीका’ पारितोषिकाची स्थापना झाली. ग्रीकांच्या विजयदेवतेचें हें रशियन नांव. निवाडा मंत्र्यानें न करतां व्यवसायबंधूंनीं मतदानानें करावा, हें त्यांतील मर्म.

पहिला समारंभ १९८८ सालीं झाला. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान जॉर्जियन दिग्दर्शक तेंगिझ अबुलाद्झे यांच्या ‘पश्चात्ताप’ या चित्रपटास लाभला. १९८४ सालीं तयार झालेला हा चित्रपट मॉस्कोच्या प्रेक्षकांसमोर आला तो १९८७ सालीं. एका जुलमी नगराध्यक्षाचें प्रेत एक स्त्री पुनःपुन्हां उकरून काढते. तिच्या आईबापांचा त्यानें नाश केलेला असतो. अन्याय कबूल झाल्याखेरीज अन्याय करणाऱ्यास मूठमाती नाहीं, असा तिचा आग्रह! अशा कथेस पहिला मान देऊन पंचांनीं आपलें स्वातंत्र्य सिद्ध केलें.

परंतु पंच स्वतंत्र झाले म्हणून एकमताचे होतात असें नाहीं. २००२ सालीं निकिता मिखाल्कॉव्ह यांच्या पुढाकारानें ‘सोनेरी गरुड’ हें प्रतिस्पर्धी पारितोषिक निघालें. मौज अशी कीं, २००३ सालीं दोन्ही संस्थांनीं सर्वोत्कृष्ट म्हणून निवडला तो एकच चित्रपट : अलेक्सांद्र रोगोझ्किन यांचा ‘कुकूश्का’. १९४४ सालच्या युद्धांत एक फिनी सैनिक, एक रशियन अधिकारी आणि एक सामी स्त्री एका छपराखालीं येतात. एकाची भाषा दुसऱ्यास कळत नाहीं. तरी तिघांचा संसार चालतो. आपसांत फुटलेल्या पंचांनीं नेमकी हीच कथा एकमुखानें उचलून धरावी, यांत कलेचा विजय नव्हे काय?