तळटीप : जक्कल आणि साथीदार

राजेंद्र जक्कल, दिलीप सुतार, शांताराम जगताप आणि मुनव्वर शाह हे पुण्याच्या अभिनव कला महाविद्यालयाचे विद्यार्थी. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात त्यांनी १० खून केले. दिवेलागणीनंतर पुण्यात दारे उघडेनाशी झाली. २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात चौघांना फाशी झाली.

पाचवा साथीदार माफीचा साक्षीदार झाला. ‘माफीचा साक्षीदार’ याच नावाचा, नाना पाटेकरांची भूमिका असलेला चित्रपट १९८६ मध्ये आला. अनुराग कश्यप यांच्या ‘पाँच’चे बीजही याच प्रकरणात आहे. पडद्याने जक्कल घरोघरी पोहोचवला, त्याचे बळी मात्र मागेच राहिले, हे खुपते. भांडारकर रस्त्यावरच्या बंगल्यात पत्नी आणि नातवंडांसह मारले गेलेले काशिनाथशास्त्री अभ्यंकर संस्कृत व्याकरणाचा कोश रचणारे विद्वान होते. घरकाम करणाऱ्या बाईंनाही त्याच रात्री मारण्यात आले.