काचेच्या पेटीतील रोपे

बदलीच्या गावी, वरच्या मजल्यावरील बिऱ्हाडात मिरची-वांग्याची रोपे करू पाहणाऱ्यांस कोवळे अंकुर माना टाकतात हे ठाऊक असते. घरातील कोरडी हवा आणि अपुरा उजेड हे त्यांचे जुने वैरी होत. यांपैकी पहिल्यावर उपाय सापडला तो लंडनमध्ये. डॉ. नॅथॅनियल वॉर्ड यांच्या बागेतील नेचे कोळशाच्या धुराने मरत. १८२९ साली त्यांनी पतंगाचा एक कोष ओलसर मातीसह बाटलीत झाकून ठेवला असता त्या मातीतून नेचा आणि गवत उगवले. काचेवर जमलेले बाष्प पुन्हा मातीत उतरे. धूर बाहेरच राही.

१८३३ मध्ये अशाच काचबंद पेट्यांतून रोपे सिडनीला जिवंत पोहोचली. पुढे रॉबर्ट फॉर्च्यूनने चिनी चहाचे बी या पेट्यांत पेरले; ते प्रवासातच रुजले आणि १८५१ मध्ये हजारो रोपे भारतात उतरली. हिमालयाच्या उतारावरील मळ्यांस त्यांचा लाभ झाला. चीनने मात्र आपले जपलेले धन गमावले.

काच ओल राखते, उजेड निर्माण करीत नाही. म्हणून अंकुर दिसताच झाकण सारावे आणि कुंडी उन्हाच्या खिडकीत न्यावी. वॉर्ड यांची युक्ती साम्राज्याच्या कामी आली. आपल्या वांग्यांच्या कामी यावयास तिला एवढी जोड पुरे आहे.