लाखोरीची डाळ व भात

लाखोरीची डाळ व भात : भंडारा जिल्हा व त्यास लागून असलेला गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूर यांचा झाडीपट्टी म्हणून ओळखला जाणारा मुलूख यांतील जोडअन्न. धानाच्या बांध्यांत पिकणाऱ्या लाख, लाखोरी अथवा लाखोळी (हिंदीत खेसारी, छत्तीसगडात तिवडा) या द्विदल धान्याच्या डाळीचे वरण आणि त्याबरोबरचा पसवलेला भात यांचा येथे एकत्र विचार केला आहे. वनस्पतिशास्त्रात या धान्यास लॅथिरस सटायव्हस अशी संज्ञा असून त्याचा अंतर्भाव शिंबावंत कुलात होतो. फुले निळी, जांभळट वा पांढरी. दाणा कोनदार, एका अंगास उतरता. डाळ तुरीच्या डाळीशी सकृद्दर्शनी इतकी मिळतीजुळती की व्यापाऱ्यांनी त्या साम्याचा लाभ न घेतला तरच नवल.

लागवड : वैनगंगेच्या खोऱ्यातील भंडारा जिल्हा मुख्यत्वे धानाचा. मालगुजारीच्या अमदानीत, विशेषेकरून कोहळी समाजातील जाणत्या मंडळींनी, बांधलेले आणि मालगुजारी नष्ट झाल्यावर सरकारजमा होऊन आज माजी मालगुजारी अर्थात ‘मामा’ तलाव म्हणून दप्तरी नोंदले जाणारे शेकडो जलाशय या धानास पाणी पुरवीत आले आहेत. पऱ्हे काढून रोवणी झालेले धान निसवून पिवळे पडू लागले, बांधीतील पाणी उतरले, पण चिखलातील ओल अद्याप गेली नाही, अशा नेमक्या वेळी उभ्या पिकातच लाखोरीचे बी फेकतात. यास उतेरा म्हणतात. नांगरट नाही, खत नाही, ओलीत नाही. धान कापून नेल्यावर मागे राहिलेल्या ओलीवर आणि दवावर हे पीक वाढते. कन्हार व मोरंड या ओल धरून ठेवणाऱ्या जमिनी त्यास मानवतात. जवस, पोपट, हरभरा हीही पिके याच रीतीने घेतात. परंतु पाणी साचले तरी न कुजणारे आणि पाऊस तुटला तरी न करपणारे यांत लाखोरीच. शेतकऱ्यास प्रिय असणारा हाच गुण पुढे वर्णिलेल्या अनर्थाचे मूळ ठरला, कारण इतर सर्व पिके बुडालेल्या वर्षी माणसाच्या ताटात ती एकटीच उरे.

पाला : कोवळे शेंडे हिवाळ्यात खुडून भाजी करतात.

कुटार : गुरांना घालतात.

पाकक्रिया : डाळ निवडून, दोनतीनदा धुऊन, ऊन पाण्यात काही तास किंवा रात्रभर भिजत घालावी व ते पाणी टाकून द्यावे. नंतर भरपूर पाण्यात तिला एक चांगली उकळी आणून तेही पाणी, भात पसवावा त्याप्रमाणे, ओतून टाकावे. आणि मग नव्या पाण्यात हळद घालून गंजात ती मऊ शिजवावी व घोटावी. तेल पूर्वी जवसाचे असे. फोडणीस लसूण, जिरे आणि सुकी लाल मिरची, शक्य तर शेजारच्या नागपूर जिल्ह्यातील भिवापूरची. वरून सांबार, म्हणजे ज्यास पश्चिम महाराष्ट्रात कोथिंबीर म्हणतात ते. भाताकरिता जुना तांदूळ घ्यावा. पाहुण्यांस सुवासिक चिन्नोर रांधण्याचा प्रघात आहे. रोजच्या जेवणात चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड या गावचे शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी निवड पद्धतीने सिद्ध केलेला ‘एचएमटी’ तांदूळ विदर्भात सर्वदूर पोहोचला आहे. भिजवून जाडसर वाटलेल्या डाळीचे, मिरची-लसूण घातलेले वडे वरणाहूनही अधिक लोकप्रिय आहेत.

पाणी दोनदा टाकण्याचा आग्रह केवळ चवीसाठी नाही. या धान्यातील अपायकारक द्रव्य पाण्यात विरघळते. नुसत्या उकळण्याने ते पुरते नाश पावत नाही, मात्र पाण्याबरोबर त्याचा बराचसा अंश निघून जातो. येथे क्यूबातील प्रसिद्ध काळ्या घेवड्याच्या भाताशी तुलना उद्बोधक ठरेल. तेथे काळा घेवडा शिजल्यावर उरलेले काळसर पाणी हेच पदार्थाचे सर्वस्व मानतात. कांदा, हिरवी ढोबळी मिरची व लसूण तेलात परतून, जिरे, ओरेगानो व तमालपत्राच्या जातीचे पान घालून, त्याच पाण्यात तांदूळ शिजवितात, आणि सिद्ध झालेल्या काळ्या-पांढऱ्या भातास ‘मोरोस इ क्रिस्तियानोस’ असे नाव आहे. क्यूबाच्या पूर्व भागात तांबडा घेवडा घेऊन केलेल्या अशाच भातास ‘कोंग्री’ म्हणतात. हा भात घरी करून पाहणाऱ्याने घेवडा वा राजमा अवश्य घ्यावा; परंतु त्या पद्धतीने, किंवा आपल्या खिचडीच्या पद्धतीने, न पसवलेली लाखोरी तांदळाबरोबर एकाच भांड्यात शिजवू नये.

विषारीपणा : लाखोरीत प्रथिनांचे प्रमाण शेकडा पंचवीसहून अधिक असते. तथापि महिनोगणती प्रमुख अन्न म्हणून ती खाल्ल्यास पायांचे स्नायू ताठरून कायमचे पंगुत्व येते. या व्याधीस लॅथिरिझम म्हणतात. कर्नल स्लीमन याने १८४४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवृत्तान्तात सागर प्रांतातील अशा साथीचे वर्णन केले आहे : गव्हाची पिके लागोपाठ बुडाली, लोक या धान्यावर जगले, आणि तरुण माणसे कमरेखाली लुळी पडली. पुढे रेवा भागातील भूमिहीन मजुरांत, ज्यांना मजुरीच या धान्याच्या रूपाने मिळत असे, हा रोग दीर्घकाळ आढळत राहिला. दुसऱ्या महायुद्धात रुमानियाच्या अखत्यारीतील वाप्नियार्का येथील छावणीत ज्यू बंदिवानांस हेच धान्य खाऊ घालण्यात आले. तेथे उद्भवलेल्या पंगुत्वाचे निदान बंदिवानांपैकीच असलेल्या डॉ. आर्थर केसलर यांनी केले. विषद्रव्य १९६४ साली बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील एस. एल. एन. राव, पी. आर. आदिगा व पी. एस. शर्मा यांनी वेगळे काढून दाखविले. संक्षेपाने त्यास ‘ओडॅप’ म्हणतात. इथिओपियातील पाहणीवरून असे दिसते की तृणधान्याबरोबर मिसळून खाल्ल्यास धोका उणावतो, कारण तृणधान्यातील गंधकयुक्त ॲमिनो आम्ले या डाळीतील उणीव भरून काढीत असावीत. हा तर्क ग्राह्य धरल्यास अपाय डाळीपेक्षा भाताच्या अभावाने होतो, असे म्हणावे लागेल. मात्र सर्व तज्ज्ञ यास संमती देत नाहीत.

मनाई : १९६१ साली अन्नभेसळ प्रतिबंधक नियमावलीत ४४-अ हा नियम दाखल झाला. त्याची रचना ध्यानात घेण्याजोगी आहे. राज्य सरकार राजपत्रात अधिसूचनेने जी तारीख मुक्रर करील त्या तारखेपासून त्या राज्यात खेसारी, तिची डाळ, तिचे पीठ, तसेच अन्य डाळींशी वा पिठांशी केलेले तिचे मिश्रण विकणे, विक्रीस मांडणे वा विक्रीच्या हेतूने जवळ बाळगणे यांस त्याने मज्जाव केला. म्हणजे पेरण्यास व स्वतःच्या घरी खाण्यास या नियमाने बंदी नव्हती, आणि विक्रीवरील बंदीही राज्याराज्यांच्या मर्जीवर सोपविलेली होती. परिणामी महाराष्ट्रात जी डाळ बाजारात आणणे गुन्हा ठरत होते, तीच पश्चिम बंगालात मोकळेपणाने खपत होती. भंडाऱ्याच्या शेतकऱ्यास उघड बाजार नाकारला गेला, तरी तुरीच्या डाळीत व बेसनात भेसळ करणाऱ्यास स्वस्त माल मिळतच राहिला. नियमाच्या हेतूची याहून मोठी विटंबना कल्पिणे कठीण. नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी यांनी ही मनाई उठावी म्हणून अनेक वर्षे चळवळ व उपोषणे केली. महाराष्ट्र शासनाने २००८ साली आपल्यापुरता निर्बंध मागे घेतला. तथापि जुन्या नियमाची भाषा २०११ च्या केंद्रीय अन्नसुरक्षा विनियमांत कायम राहिली.

सुधारित वाण : दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने ‘रतन’, तर रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाने ‘प्रतीक’ व ‘महातिवडा’ हे अल्पविषारी वाण काढले, त्यांत ओडॅपचे प्रमाण शेकडा ०.१ पेक्षा कमी असते. मधमाश्यांच्या योगे शेजारच्या शेतातील गावठी वाणाशी यांचा संकर होतो, आणि दाणा पाहून वाण ओळखता येत नाही. सबब बाजारातून आणलेली डाळ कोणत्याही नावाची असो, तिचे पहिले पाणी टाकूनच द्यावे.