२३ लाख उत्तरं, तरी अंदाज चुकला
१९३६ची अमेरिकी अध्यक्षीय निवडणूक. ‘लिटररी डायजेस्ट’ साप्ताहिकाने सुमारे १ कोटी नमुना मतपत्रिका पोस्टाने पाठवल्या. २० लाखांहून जास्त परत आल्या. अंदाज छापला: रिपब्लिकन लँडन जिंकणार. प्रत्यक्षात डेमोक्रॅट रूझवेल्टनी ४८पैकी ४६ राज्यं जिंकली!

असं का झालं? पत्ते बरेचसे टेलिफोन आणि मोटारमालकांच्या याद्यांमधले. महामंदीत फोन-गाडी कोणाकडे असणार? त्यातही रूझवेल्टविरोधकांनी जास्त उत्साहाने उत्तरं पाठवली. जॉर्ज गॅलपने मात्र कितीतरी लहान, पण नीट निवडलेल्या नमुन्यावरून विजेता बरोबर सांगितला.

साप्ताहिकाच्या ‘जनमतात’ गरीब मतदार कमी पडला. मतपेटीत तो दिसलाच. तेव्हा सर्वेक्षण आखताना ‘किती उत्तरं मिळतील?’च्या आधी विचारा, ‘यातून कोण सुटतंय?’