एकांताची निवड

मंद स्वर ऐकावयाचा असेल, तर गोंगाटापासून दूर जावें लागतें. जहाजावर ती सोय नसते. उपग्रहाशीं बोलणारी थाळी रडारच्या झोताच्या वर किंवा खालीं बसवूनच निभावावें लागतें. जमिनीवर मात्र जागा निवडतां येते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या गोविंद स्वरूप यांनीं रेडिओ-दुर्बिणीसाठीं पुणें जिल्ह्यांतील नारायणगांवाजवळचें खोडद निवडलें. भोंवतालच्या डोंगरांनीं शहरांतील रेडिओ-लहरींना बांध घातला. १९९० नंतरच्या दशकांत तेथें ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्या उभ्या राहिल्या; १४ मध्यभागीं एकत्र, १६ तीन भुजांवर विखुरलेल्या. कोट्यवधि वर्षांपूर्वीं निघालेल्या क्षीण लहरी त्या टिपतात. पुढें घरोघरीं भ्रमणध्वनि आले. एकांत निवडणें हें एकदांचें काम; तो राखणें मात्र नित्याचें.