जांभळ्या डागांचा तपास

आजची गोष्ट एका डागाची.

1872 साली व्हिएन्नात मोरिट्झ कापोसी या त्वचारोगतज्ज्ञाने एका कॅन्सरचं वर्णन केलं. अंगावर जांभळट-तपकिरी डाग, रुग्ण बहुतेक उतारवयातले पुरुष. युरोप-अमेरिकेत तो दुर्मीळच राहिला.

मग आलं 1981. 3 जुलैला अमेरिकेच्या सीडीसीने कळवलं, की न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्नियात 26 समलिंगी पुरुषांना हाच कॅन्सर झालाय. आणि हे काही म्हातारे नव्हते! लोक त्याला 'गे कॅन्सर' म्हणू लागले. चेहऱ्यावरचा डाग लपवणार कसा? तो दिसला की माणसं लांब सरकायची.

1983 मध्ये एचआयव्ही सापडला, पण कोडं उरलंच. रक्तातून एचआयव्ही झालेल्या हिमोफिलियाच्या रुग्णांना हा कॅन्सर क्वचितच व्हायचा. म्हणजे एचआयव्हीच्या जोडीला आणखी कुणीतरी होतं.

1994 मध्ये युआन चँग आणि पॅट्रिक मूर या नवरा-बायकोने ते शोधलं: हर्पीसच्या कुळातला विषाणू, एचएचव्ही-8. एचआयव्ही प्रतिकारशक्ती खच्ची करतो, मग याला रान मोकळं. 1996च्या सुमारास एचआयव्हीवर एकत्रित औषधं आली आणि हा कॅन्सर झपाट्याने कमी झाला.

मला अस्वस्थ करते ती पुढची गोष्ट. कापोसीने पाहिलेल्या म्हाताऱ्यांच्या आजारामागेही हाच विषाणू निघाला. तो मुख्यतः लाळेतून पसरतो. म्हणजे 'गे कॅन्सर' हे नाव मुळातच खोटं होतं. पण ते खरं कळेपर्यंत कित्येक जण तो शिक्का घेऊनच गेले.

भेटू पुढच्या भागात.